देवाने धरून ठेवलेला येसो

गावच्या शाळेची मध्यंतरी एक स्मरणिका निघाली. तुमच्या वेळच्या एखाद्या माणसावर लिहा, असा मला आग्रह झाला. मी आमच्या गणिताच्या मास्तरांवर लिहून दिले. मास्तर भले गृहस्थ होते, पण त्यांच्यावर लिहिताना येसो सारखा मध्ये येत होता आणि मी त्याला सारखा बाजूला सारत होतो. हे असे फार वर्षे चालले आहे. नातवंडांना मी येसोच्या गमती सांगतो. ती हसून हसून लोळतात. मग एका ठिकाणी येऊन मी थांबतो आणि पाणी पिऊन येतो म्हणून उठतो. बायकोलाही त्या ठिकाणापुढचे कधी सांगितले नाही. आता तीही नाही. टाळत राहिलो तर आणखी थोड्या दिवसांनी टाळायलाही कोणी उरणार नाही, म्हणून या वेळी पाणी आधीच पिऊन बसलो आहे.

येसो म्हणजे यशवंत. आचऱ्याहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. वाडीतले पहिले दोन मॅट्रिक म्हणजे तो आणि मी. एकाच वर्षी पास झालो, तेव्हा घरोघर गूळखोबरे वाटले गेले. त्यानंतर वाटण्यासारखे काही घडले नाही. दोघे एकदा मुंबईलाही जाऊन आलो. गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून पावसाळा काढला, जिन्याजिन्यांतून 'जागा नाही' ऐकले आणि गणपतीला घरी आलो ते राहिलोच. मग लढाया झाल्या, दुष्काळ पडला, रुपया उतरला. गिरण्या आणि कारखाने माणसे घेईनात, उलट होती ती काढू लागले. मुंबईला गेलेले पोरगे ट्रंका घेऊन परत येऊ लागले. आमची पोस्टातली आणि कचेरीतली आशाही अशीच एकेक करून विझली.

रस्त्यावर पास्कूचे चहाचे दुकान होते. पास्कू आधी बोटीवर खानसामा होता. दुकानासमोर रस्त्याखालून पाणी जाणारी एक मोरी होती आणि तिच्या कठड्यावर आम्ही बेकार बसत असू. येसो आमच्यात प्रमुख. रोज सकाळी दाढी, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला शर्ट, आणि आईला हाक: "आये, येतंय गो." कुठे जातो ते तो कधी सांगत नसे आणि त्याची आई, आमची काकी, हीही विचारत नसे.

कोणी पाहुण्याने विचारले, "काय रे, सद्या काय करतंस?" तर येसो शांतपणे सांगे, "वाट बघतंय. पर्मनंट आसा."

बेकारीचे त्याने नियम केले होते. दुपारी झोपायचे नाही. एकाच माणसाचा चहा लागोपाठ दोन दिवस घ्यायचा नाही. घरात मासळी कापायला बसल्या की तिथे रेंगाळायचे नाही, कारण तेव्हा बायकांना सगळ्या जुन्या गोष्टी आठवतात आणि हातात विळी असते. आणि दाढी रोज. "नोकरी असलेल्यान एक दिस दाढी चुकवल्यान तर लोक म्हणतत घाईत आसा," तो सांगे. "आपण चुकवली तर म्हणतत, बघ, गेलो."

गिरणीतून काढलेला एक जण मुंबईहून आला आणि येसोच्या जागेवर, सावलीत बसला. येसोने त्याला हात धरून उठवले आणि कठड्याच्या उन्हातल्या टोकाला नेऊन बसवले.

"ही नये भरतीची जागा. मी हंय किती वर्सां काढलंय म्हायत आसा? सावली सीनियरांक."

"अरे, मी सात वर्सां गिरणीत होतंय," तो म्हणाला.

"ती सर्विस हंय धरणत नाय," येसो म्हणाला.

तो माणूस आल्यापासून कोणाशी बोलला नव्हता. त्या दिवशी प्रथम हसला. पास्कूने त्याला चहा दिला आणि येसोला म्हणाला, "तुजो नियम. आज माझो चाय, फाल्यां दुसऱ्याचो."

मला त्या वेळी वाटे, हा सगळे हसण्यावारी नेतो, याला काही टोचत नाही. रापणीच्या दिवशी कळले की तसे नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. समुद्रात होडीने गोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूवर उभी राहून ओढतात. दोराला हात लावील त्याला मासळीतला वाटा, अशी आमच्याकडची रीत. मॅट्रिक झालेल्या पोराने तिथे जावे हे येसोच्या आईला आवडत नसे, पण येसो जाई, आणि तोही इस्त्रीच्या शर्टात.

"सायबानू, शर्ट भिजतलो," रापणकार ओरडत.

"भिजांदे. इस्त्री घरची आसा."

एकदा जाळ्यात तारले, म्हणजे अगदी स्वस्तातली मासळी, आली. वाटे घालताना रापणीचा म्होरक्या म्हणाला, "सायबांचो वाटो वेगळो काढा रे. मॅट्रिक झाले आसत. तेंका तारले चलाचे नाय."

"चलतत," येसो म्हणाला. "इंग्रजीत नाव घेवन खातंय."

सगळी वाळू हसली. घरी परतताना माशांची परडी डोक्यावर घेऊन तो माझ्यापुढे चालत होता. मध्येच थांबून म्हणाला, "बघ दत्ता, दोराक हात लावलो काय वाटो गावता. अर्ज नाय, वळख नाय. मुंबैत अशी एक रापण कित्याक नसात?" परडी सारखी करून तो पुन्हा चालू लागला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्यासाठी मसुऱ्याचे स्थळ आले. मुलगी बघायला त्याचे मामा, तो आणि मी असे चालत गेलो. मुलीच्या वडलांनी पाणी, गूळ, पोहे सगळे रीतसर केले आणि विचारले, "झील काय करता?"

मामांनी घसा साफ केला. "मुंबैत प्रयत्न चालू आसत."

"प्रयत्न मुंबैत आसत, मी हंय आसंय," येसो म्हणाला. "दोगांची अजून गाठ पडूक नाय."

मामांनी डोळे मिटले. आत, दाराच्या आड, मुलगी हसली. दाबलेले हसू नव्हे, चांगले मोकळे. तिच्या वडलांनी आत पाहिले, मग येसोकडे पाहिले, आणि त्यांनाही बहुतेक हा माणूस आवडला. निघताना ते म्हणाले, "नोकरी लागली काय निरोप धाडा. शिमगो होयसर मी दुसरीकडे खंय बघणंय नाय."

परतीच्या वाटेवर मामा संतापून पुढे निघून गेले. खाडीच्या साकवावर आलो तेव्हा येसो म्हणाला, "ती हसली रे." आणि वाडीत शिरताना पुन्हा, जणू मी ऐकलेच नव्हते, "हसली मरे ती."

हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे केले ते करताना मला हे सगळे ठाऊक होते.

शिमग्याला मुंबईहून वाडीतले आबा आले. ते एका मोठ्या गोदामात मुकादम होते. देवळाच्या पारावर बसून त्यांनी सांगितले, "एक जागा हा. सायबाक सांगून ठेवलंय. शिमगो झालो काय एक झील माझ्यावांगडा धाडा. पण एकच हां. दोन हाडशात तर दोगांकय परत धाडतीत."

वाडीत पोरगे बरेच होते, पण लिहायचे काम असल्यामुळे मॅट्रिकच हवा होता. म्हणजे येसो किंवा मी. मानकरी एकमेकांकडे बघू लागले. येसोला वडील नव्हते, घरात आई एकटी. माझे वडील होते, पण जेवताना माझ्याशी बोलणे त्यांनी सोडले होते. कोणाला धाडले तरी दुसऱ्या घराशी जन्माचे वाकडे आले असते. अशा वेळी आमच्याकडे माणसे निवाडा करत नाहीत, देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कोणती पाकळी आधी पडते ते बघायचे. ठरले असे की माझी पाकळी पांढरी आणि येसोची लाल जास्वंदीची. ज्याची आधी पडेल त्याने मुंबईला जायचे.

"फुलां दत्ता हाडतलो," येसो म्हणाला. "माका दिलास तर मी वाटेत कोणाक तरी देवन टाकीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुले काढून घरात आलो तेव्हा आई भाजीसाठी कोवळा फणस कापत होती. फणसाचा चीक काय असतो हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. हाताला तेल लावल्याशिवाय कोणी फणसाला शिवत नाही, आणि एकदा लागलेला चीक पाण्याने जात नाही, तेलानेच सुटतो. आई चीक काडीवर गुंडाळून बाजूला ठेवत होती. ती पाटा धुवायला परसात गेली. मी बोटांना खोबरेल लावले, काडी घेतली आणि लाल पाकळीच्या पाठीला एक ठिपका लावला.

माझ्या मनात काय होते ते सजवून सांगत नाही. मला जायचे होते. बाकीचे सगळे नंतर सुचले आहे.

देवळात सगळी वाडी जमली होती. येसो खांबाला टेकून उभा होता, ताजी दाढी, इस्त्रीचा शर्ट. गुरवाने माझ्याकडून पानावरची फुले घेतली, पांढरी पाकळी पाण्यात बुडवून उजवीकडे लावली आणि लाल डावीकडे. लाल लावल्यावर त्याने आपली दोन बोटे एकमेकांपासून सोडवून बघितली. मग माझ्याकडे बघितले. मग धोतराला बोटे पुसली आणि मानकऱ्याला मान हलवून खूण केली.

"बा देवा म्हाराजा," मानकऱ्याने सुरुवात केली, "ही दोन तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इलेली आसत."

"होय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली.

"एकाक पोटासाटी परमुलखाक जावचा आसा, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"जेका धाडूचो आसात, तेची पाकळी सोड, म्हाराजा."

गाऱ्हाणे पुरते संपायच्या आत पांढरी पाकळी घरंगळली. माझे वडील मोठ्याने हसले. ते हसताना मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. येसो खांबापासून सरळ झाला, क्षणभर लाल पाकळीकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे येऊन त्याने मला मिठी मारली.

"जा बाबा. देवाक माझो अजून कंटाळो येवक नाय," तो म्हणाला.

इथवर झाले असते तरी एक वेळ चालले असते. एकाला जागा मिळाली, दुसऱ्याला पुढची मिळाली असती. पण ती लाल पाकळी पडेना. सकाळी गुरवाने देवावर पाणी घातले, पाकळी तिथेच. सुकली, काळपट झाली, पण तिथेच. लोक बघायला येऊ लागले. शेजारच्या वाडीतून बायका आल्या. असा कौल कोणाच्या ऐकिवात नव्हता. मी मुंबईला निघायच्या आधी सगळीकडे बोलले जाऊ लागले की येसोला देवाने धरून ठेवला आहे. काकीने पाकळीसमोर लोटांगण घातले.

निघायच्या दिवशी देवाला नमस्कार करायला गेलो, तर पाषाण स्वच्छ होता आणि चकाकत होता. गुरव एकटाच होता. त्याने माझ्या हातावर तीर्थ घातले.

"देवाक तेल लावचा लागला," तो म्हणाला. आणखी काही नाही. पुढे कधीही नाही. त्याने ते कोणासाठी गिळले, माझ्यासाठी, देवासाठी की वाडीसाठी, ते मला विचारायचे धैर्य झाले नाही.

पाकळी गेली, पण बोलणे राहिले. मसुऱ्याच्या गृहस्थांनी ते ऐकले आणि मुलगी दुसरीकडे दिली. ज्याला देव गावातून हलू देत नाही त्याला नोकरी कुठून लागणार, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. नंतर मुंबईत दोन वेळा जागा सुटली. आबा येसोचे नाव घ्यायला तयार होते, पण मानकरीच नको म्हणाले. देवाच्या मनाविरुद्ध कशाला जायचे. दोन्ही वेळा येसोपेक्षा लहान पोरगे गेले. दोडामार्गाकडे एका काजूच्या बागेवर देखरेखीला माणूस हवा होता. बागवाला स्वतः चालून आला. काकी उंबऱ्यावर आडवी बसली. "देव कोपात रे, झिला," एवढेच म्हणत राहिली. येसोने बागवाल्याला पास्कूकडे नेऊन चहा पाजला आणि परत पाठवला.

मी दर मे महिन्यात जाई आणि हे सगळे मला मोरीवर ऐकायला मिळे. येसो सांगे आणि सगळे हसत.

"दत्ता मुंबैच्या गोदामात," तो म्हणे, "मी देवाच्या हापिसात. पगार नाय, पण काढून टाकणत नाय." किंवा, "तुमका रिटायर करतीत. माका कोण करतलो?"

मीही हसे. मुंबईचे बिस्कीट सगळ्यांना वाटी. त्याच्या वाट्याचे बिस्कीट तो खिशात घाली, काकीसाठी. मला बघितले की काकी सांगे, "माझो येसो काय उगाच बसणा नाय रे बाबा. देवाक तो जवळ व्हयो आसा." वाडीतल्या इतर आया आपल्या बसून राहिलेल्या पोरांवर करवादत. ही एकटी आपल्या पोराकडे कौतुकाने बघे. मी तिच्या पाया पडत असे आणि ती मला आशीर्वाद देत असे.

एका वर्षी मी ठरवून गेलो की या खेपेला सांगायचेच. निघायच्या दिवशी येसो माझी ट्रंक डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आला. मोरीवर कोणी नव्हते. मी म्हणालो, "येसो, त्या कौलाचा तुका एक सांगूचा आसा."

त्याने ट्रंक खाली ठेवली, शर्टाची बाही सारखी केली.

"सांगा नको," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"दत्ता, आये हल्ली दिसभर एकटी बसता आणि देवाक बोलता. माझ्या झिलाक तू ठेवलंस, बरा केलंस, म्हणता. ती आसा तवसर कौलाची गजाल कोणी काढूची नाय. तूय नाय." मग नेहमीसारखा हसला. "गाडी इली बघ. तुमच्या गाडयेक वेळेचा भान नाय, आज लवकर इली."

त्याला ठाऊक होते का, हे मला आजही सांगता येत नाही. गुरवाने सांगितले असेल. त्याने स्वतः ताडले असेल. किंवा त्याला फक्त आईची काळजी असेल आणि मी काय बोलणार आहे याचा पत्ताही नसेल. इतकी वर्षे मला सोयीचे तेवढे मी मानत आलो.

पुढल्या पावसाळ्यात काकी गेली. मला मुंबईत कळले. त्यानंतरच्या मे महिन्यात मी नेहमीपेक्षा लवकर रजा काढली. गाडीत सगळी वाट मी एकच वाक्य घोकत होतो, आणि तेही मालवणीत, कारण पुस्तकी मराठीत येसोची माफी मागितली असती तर तो हसला असता. मला माहीत नव्हते ते एवढेच, की घरात आता उंबऱ्यावर आडवे बसायला कोणी राहिले नव्हते, आणि पास्कूच्या भाच्याने गोव्यात खाणीच्या कचेरीत शब्द टाकला होता.

येसोचे पुढे बरे झाले असे ऐकले. गोव्यातच राहिला, लग्न उशिरा का होईना केले, कचेरीतल्या नव्या पोरांना दाढीवरून बोलत असे म्हणतात. गोवा काही फार लांब नव्हते. मी गेलो नाही. प्रत्येक वर्षी काही तरी निघत गेले, आणि मग एका वर्षी तो गेल्याचे कळले.

म्हणून माझ्यापुरता तो शेवटचा दिसला तो त्या मे महिन्यात, कसालच्या फाट्यावर. माझी मुंबईची गाडी मालवणच्या रस्त्याला वळण्यासाठी थांबली होती आणि सावंतवाडीकडे जाणारी गाडी तिला अगदी लागून उभी राहिली. समोरच्या खिडकीत येसो. डोक्याचे केस पुढून विरळ झालेले, शर्ट पांढरा, मांडीवर ट्रंक. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली.

"दत्ता, रुजू होतंय रे," तो म्हणाला. "सोमवारी."

"खंय?"

"गोयां. लिवचा काम. टेबल आसा म्हणतत."

त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याने कौतुकाने मान डोलावली. त्याला त्याने हे आधीच सांगितले असणार, कदाचित सगळ्या गाडीला. हात बाहेर काढला असता तर मी त्याच्या खिडकीचा गज धरू शकलो असतो, इतका तो जवळ होता. त्याच्या कंडक्टरने घंटी मारली. मी तोंड उघडले.

"डबो घेतलंस?" मी विचारले.

"घेतलंय," तो म्हणाला आणि फडक्यात बांधलेला डबा उचलून त्याने मला दाखवला. गाडी निघाली. तो मागे वळून, ट्रंक सावरत, डबा तसाच उंच धरून बघत राहिला, धुरळ्यात दिसेनासा होईपर्यंत.

वाक्य तयार होते. आजही पाठ आहे, आणि ते असे होते: येसो, जागा तुझी होती काय माझी, ता मी देवाक सांगूकच दिलंय नाय. माका माफ कर.